टेक्स्ट ॲडव्हेंचर लिहून पोट भरतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवसा मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी करते. रात्री टेक्स्ट गेम खेळते, अधूनमधून लिहिते. हे कळलं की माणसं ठरावीक प्रश्न विचारतात. कॉलेजच्या मुलांचे प्रश्न वेगळे, माझ्या आत्याचे वेगळे. दोघांची उत्तरं इथे एकदाच लिहून ठेवते. नुसतं हवेत बोलायला नको म्हणून एकाच माणसाची कारकीर्द समोर धरली आहे: अमेरिकेतला अँड्र्यू प्लॉटकिन. गेम फुकट वाटणं, विकणं, लोकवर्गणीवर बनवणं, गेमसाठी लागणारी अवजारं बनवणं, संस्था उभी करणं, एवढं सगळं एकाच माणसाच्या खात्यावर सहसा सापडत नाही.

चित्रं नाहीत, आवाज नाही. मग खेळायचं काय?

वाचायचं आणि लिहायचं. स्क्रीनवर वर्णन येतं, खाली कर्सर लुकलुकत असतो, तिथे तुम्ही काय करणार ते टाइप करता. माझ्याच एका अर्धवट पडलेल्या गेममधला तुकडा:

तुम्ही माजघरात उभ्या आहात. कोनाड्यात एक विझलेला दिवा आहे.
> दिवा घे
घेतला. तेलाचा हात साडीला पुसू नका.
> दिवा लाव
कशाने?

तुमचं वाक्य समजून घेणाऱ्या भागाला पार्सर म्हणतात. या प्रकाराची सुरुवात विल क्राउदर या अमेरिकी प्रोग्रामरने १९७५-७६च्या सुमारास केली. तो स्वतः गुहांमध्ये उतरणारा माणूस, म्हणून गेमही गुहेचाच. १९७७ मध्ये डॉन वुड्सने त्यात भर घातली. पुढे १९७९ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या मंडळींनी इन्फोकॉम कंपनी काढली आणि त्यांचा 'झॉर्क' हा टेक्स्ट गेम दुकानात विकायला लागला. १९८६ मध्ये ती कंपनी ॲक्टिव्हिजनने विकत घेतली, १९८९ मध्ये बंद झाली. घरोघरी ग्राफिक्सवाले कॉम्प्युटर आले होते, आणि शब्दांना गिऱ्हाईक उरलं नव्हतं.

१९८९ हे साल लक्षात ठेवा, कारण प्लॉटकिनची सगळी गाजलेली कामं त्यानंतरची आहेत. बाजार उठला, पालं गुंडाळली, आणि मग हा माणूस आपली पथारी घेऊन आला.

हा प्लॉटकिन आहे तरी कोण?

जन्म १९७०. कार्नेगी मेलन विद्यापीठात शिकलेला प्रोग्रामर. गेमच्या जगात त्याला 'झार्फ' म्हणतात. (झार्फ म्हणजे बिनकानाच्या कपाला बाहेरून बसवायचं धातूचं नक्षीदार आवरण. कॉफीचा चटका बसू नये म्हणून.) शाळकरी वयात, १९८५ मध्ये, त्याने ॲपल टू कॉम्प्युटरवर इन्फोकॉमच्या 'इन्फिडेल'ची टर उडवणारा 'इन्ह्युमेन' नावाचा गेम लिहिला. १९९४ मध्ये मॅकसाठी 'सिस्टम्स ट्वायलाइट' हा कोड्यांचा गेम काढला. तो शेअरवेअर होता. म्हणजे आधी खेळा, आवडला तर पैसे पाठवा.

नाव झालं ते १९९५ मध्ये. केव्हिन विल्सनने त्या वर्षी इंटरॲक्टिव्ह फिक्शनची, म्हणजे अशाच टेक्स्ट गेमची, स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी फक्त १२ गेम आले, दोन गटांत मिळून. इन्फॉर्म या टेक्स्ट गेम लिहायच्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेल्या गेमच्या गटात प्लॉटकिनचा 'अ चेंज इन द वेदर' पहिला आला. सहलीला गेलेला माणूस मित्रांपासून भटकतो, पाऊस गाठतो, ओढा फुगायला लागतो. गोष्ट एवढीशीच.

त्याचे कोणते गेम आधी खेळू?

नवख्याने 'द ड्रीमहोल्ड' (२००४) घ्यावा. तो शिकाऊ खेळाडू डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिलेला आहे. तुम्ही अडखळलात की हळूच हात धरतो.

मी मात्र चुकीच्या दाराने आत शिरले. पहिला खेळले तो 'शेड' (२०००). हॉस्टेलवर, रात्री दीडनंतर, रूममेट झोपलेली. गेममध्ये तुम्ही एका छोट्या फ्लॅटमध्ये आहात. पहाटे वाळवंटातल्या एका उत्सवाला निघायचं आहे, कामांची यादी हातात आहे, आणि तहान लागली आहे. मी पाण्याचा ग्लास शोधायला लागले. पुढचं सांगणार नाही. एवढंच सांगते की अर्ध्या तासाने मी उठून आमच्या खोलीची फरशी हाताने चाचपून पाहिली. सगळा गेम त्या एका खोलीत घडतो. भीती दाखवायला भूत नाही, रक्त नाही; घरातल्या रोजच्या वस्तूंची वर्णनं एकेका वाक्याने सरकत जातात, तेवढंच.

त्यानंतर 'स्पायडर अँड वेब' (१९९८). तुम्ही पकडलेले हेर आहात, खुर्चीत जखडलेले, आणि समोरचा अधिकारी तुमच्याकडून झालेली हकीकत वदवून घेतो आहे. म्हणजे तुम्ही खेळता तो भूतकाळ. चुकीचं काही केलंत की अधिकारी मध्येच थांबवतो: हे असं घडलेलं नाही, परत सांग. गेम हरण्याच्या आणि पुन्हा सुरू करण्याच्या कंटाळवाण्या सवयीलाच त्याने कथेचा भाग करून टाकलं. त्या वर्षीच्या 'एक्स-वाय-झेड-झेड-वाय' पुरस्कारांत हाच सर्वोत्तम गेम ठरला. पुरस्काराचं नाव खरंच असं आहे. क्राउदर-वुड्सच्या गुहेतला तो मंत्र. 'स्पायडर अँड वेब'मधलं मधलं एक कोडं सुटतं त्या क्षणी तुम्हाला कळतं की आत्तापर्यंत आपण अधिकाऱ्याला काय सांगितलं आणि काय नाही. मला ते सोडवायला चार दिवस लागले. उत्तर शोधून बघू नका, प्लीज.

'हंटर, इन डार्कनेस' (१९९९) अंधारातल्या शिकारीचा आहे. 'हंट द वम्पस' या सत्तरच्या दशकातल्या अगदी बाळबोध गेमचा सांगाडा घेऊन त्यावर मांस चढवलं आहे. अरुंद भेगेतून सरपटत जाण्याचं वर्णन वाचताना श्वास अडकतो.

पैसे किती मिळतात? (आत्याचा प्रश्न)

आत्या, बहुतेक गेमचे शून्य. 'शेड', 'स्पायडर अँड वेब', 'ड्रीमहोल्ड' सगळे फुकट आहेत.

आकडा हवाच असेल तर एक आहे. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये प्लॉटकिनने किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली: नोकरी सोडून पूर्ण वेळ 'हेडियन लँड्स' हा मोठा गेम आयफोनसाठी लिहायचा आहे. मागितले ८,००० डॉलर, जमले ३१,००० हून थोडे जास्त. त्या काळी टेक्स्ट गेमला एवढे पैसे म्हणजे आमच्या छोट्याशा आळीत दिवाळी होती.

आता हिशोब करा. गेम हातात पडला ऑक्टोबर २०१४ च्या अखेरीला. म्हणजे जवळजवळ चार वर्षं. वर्षाला आठ हजार डॉलरसुद्धा पडत नाहीत, आणि त्यातून किकस्टार्टरचा वाटा आणि देणगीदारांना कबूल केलेल्या वस्तूंचा खर्च वजा व्हायचा. अमेरिकेत एवढ्यावर घर चालत नाही. गेम नंतर विकला जातो, २०१६ मध्ये स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातही आला, ते उत्पन्न वेगळं. पण 'लोकवर्गणीत लॉटरी लागली' असं कुणी सांगितलं तर हा भागाकार करून दाखवा.

एका गेमला चार वर्षं? आळस म्हणायचा का?

मलाही आधी तसंच वाटलं होतं. मग गेम खेळले आणि तोंड बंद झालं.

'हेडियन लँड्स' किमयेवर चालणाऱ्या अंतराळयानात घडतो. यान अडकलं आहे, बरोबरची माणसं गोठल्यासारखी थिजली आहेत, आणि तुम्ही शिकाऊ नोकर. विधी करायचे, द्रव्यं मिसळायची, त्यातून पुढचं दार उघडायचं. एका विधीला दहा पायऱ्या, त्यातल्या एका पायरीला लागणारी वस्तू बनवायला आणखी एक विधी. पुरणपोळी करायची म्हणून सुरुवात करावी आणि त्यासाठी आधी डाळ पेरायला लागावी, तसं.

असा गेम जुन्या पद्धतीने लिहिला असता तर खेळणारा टाइप करून करून मेला असता. प्लॉटकिनने केलं असं: एखादा विधी तुम्ही एकदा स्वतः पार पाडला की गेम तो लक्षात ठेवतो. पुढच्या वेळी एकच आज्ञा द्यायची. गेम मागे मागे जात हिशोब लावतो: यासाठी काय लागेल, ते कुठे आहे, तिथे जायला कुठलं दार, ते दार उघडायला कुठला विधी. मग सगळं ओळीने करून तुमच्यापुढे मांडतो. आणि एखादी दुर्मीळ वस्तू आधीच दुसरीकडे वापरून टाकली असेल तर तिथे थांबतो. एकच जिन्नस दोन ठिकाणी हवा आहे, तर तो कुठे खर्च करायचा, हेच खरं कोडं होऊन बसतं. खेळाडूने कुठल्याही क्रमाने काहीही केलेलं असलं तरी हे यंत्र अचूक चालायला हवं. मी टेस्टर आहे. तेवढे सगळे क्रम तपासायचे, या विचारानेच मला घाम फुटतो.

मग अशी माणसं जगतात कशावर?

बहुतेक जण नोकरीवर. प्रोग्रामिंग, शिकवणं, लायब्ररी, काहीही.

काहींनी टेक्स्ट गेमच्या शिडीने वर चढून दुसरा मजला गाठला. जॉन इंगोल्डने २००१ ची स्पर्धा 'ऑल रोड्स'ने जिंकली. पुढे २०११ मध्ये जोडीदाराबरोबर इंकल कंपनी काढली आणि '८० डेज' केला. सॅम बार्लोने १९९९ मध्ये 'आइल' लिहिला, ज्यात तुम्हाला एकच आज्ञा देता येते आणि गेम संपतो. सोळा वर्षांनी त्याचा 'हर स्टोरी' गाजला. एमिली शॉर्टने 'गॅलेटिया' (२०००) मध्ये एका पुतळ्याशी गप्पा मारायला लावल्या, आणि नंतर लंडनच्या फेलबेटर गेम्समध्ये ती क्रिएटिव्ह डायरेक्टर झाली. हातातलं कसब तेच: खेळणारा काय बोलेल याचा आधी विचार करून ठेवणं.

प्लॉटकिन मात्र पार्सर सोडून फार लांब गेला नाही. मधे जेसन शिगाच्या 'मीनव्हाइल' या फाटे फुटणाऱ्या कॉमिकचं आयफोन ॲप केलं, ते सुंदर आहे. पण परत फिरून याच गल्लीत.

त्याने साधनं बनवली म्हणतात, म्हणजे काय?

इन्फोकॉमने हुशारी केली होती. प्रत्येक कॉम्प्युटरसाठी वेगळा गेम न लिहिता एक काल्पनिक कॉम्प्युटर ठरवला, झेड-मशीन, आणि गेम त्याच्यासाठी लिहिले. कंपनी बुडाल्यावर हौशी लोकांनी ते यंत्र उलगडलं, आणि १९९३ मध्ये ग्रॅहम नेल्सनने त्यासाठी नवे गेम लिहिता येतील अशी इन्फॉर्म भाषा दिली. अडचण एकच: झेड-मशीनच्या गेम फाइलला जास्तीत जास्त ५१२ केबीची मर्यादा. आज व्हॉट्सॲपवर येणारा गुड मॉर्निंगचा फोटो त्याहून मोठा असतो.

१९९९ मध्ये प्लॉटकिनने ग्लल्क्स हे ३२ बिटचं यंत्र रचलं आणि ही भिंत पाडली. त्याआधी ग्ल्क: गेम आणि स्क्रीन यांच्यामधला करार, म्हणजे फोन असो की लॅपटॉप, गेमला फरक पडू नये. चित्रं-आवाज-गेम एकत्र बांधायचं गाठोडं म्हणजे ब्लॉर्ब. ब्राउझरमध्ये ग्लल्क्स गेम चालवणारा क्विक्सी हाही त्याचाच. सगळं फुकट, सगळं खुलं. त्याचा एकही गेम न खेळलेली माणसं त्याच्या यंत्रावर दुसऱ्यांचे गेम खेळतात. पाणवठा बांधणाऱ्याचं असंच होतं.

खेळाडूला अडकवणं कितपत चालतं?

याची मोजपट्टीही त्यानेच १९९६ मध्ये दिली. मराठीत मी ती अशी सांगते. दयाळू: अडकणं शक्यच नाही. सभ्य: अडकाल, पण लगेच कळेल. कडक: पाऊल टाकण्याआधीच दिसतं की हे परत घेता येणार नाही. खट: टाकल्यावर कळतं. क्रूर: कळतच नाही, तीन तासांनी लक्षात येतं की सुरुवातीला फेकलेली किल्ली आता हवी होती. 'अ चेंज इन द वेदर' स्वतःच किती निर्दय आहे हे पाहता, मोजपट्टी अनुभवातून आलेली असणार.

'वेअरवुल्फ' हा पार्टी गेम त्याचाच ना?

अर्धा. मूळ 'माफिया' हा खेळ ऐंशीच्या दशकात रशियात दिमित्री दाविदॉफने बनवला. १९९७ मध्ये प्लॉटकिनने माफियाच्या जागी लांडगा-माणसं आणली. ऑफिसच्या सहलीत आपण जो खेळतो, तो हाच.

हे अजून खेळतं कोण?

१९९५ ची ती स्पर्धा अजून दर वर्षी होते, आणि अलीकडे तिच्यात साठांहून जास्त गेम येतात. परीक्षक तुमच्या-माझ्यासारखेच कुणीही. दोन तास खेळायचं आणि तेवढ्यावर गुण द्यायचे. म्हणून पहिल्यांदा भाग घेणाऱ्याने महाकाव्य पाठवू नये. दृष्टिहीन खेळाडूंमध्ये या गेमना फार मान आहे, कारण स्क्रीन रीडर लावला की गेम पूर्ण खेळता येतो. २०१६ मध्ये प्लॉटकिन आणि इतरांनी मिळून इंटरॲक्टिव्ह फिक्शन टेक्नॉलॉजी फाउंडेशन ही ना-नफा संस्था काढली. ती स्पर्धा आता या संस्थेकडे आहे, शिवाय दिव्यांगांना हे गेम नीट खेळता यावेत यासाठीही तिने काम केलं आहे.

मराठीत पार्सर गेम करता येईल का?

येईल, पण रडवेल. हे मी स्वतः करून बसले आहे, म्हणून जरा सविस्तर.

इंग्रजीत आज्ञा क्रियापदाने सुरू होते आणि इन्फॉर्मचा पार्सर तेच गृहीत धरतो. आपलं क्रियापद शेवटी. ते उलटवता येतं. खरी मेख सामान्यरूपात आहे. गेममध्ये वस्तूचं नाव 'दिवा' ठेवलं, खेळाडू लिहितो 'दिव्यात'. कुलूप असेल तर 'कुलपात', विहीर असेल तर 'विहिरीत', भाऊ असेल तर 'भावाला'. शब्दाचं शेपूट कापून भागत नाही, धडही बदललेलं असतं. त्यात ह्रस्व-दीर्घ: अर्धे खेळाडू 'विहिर' लिहितात, आणि त्यांना शुद्धलेखन शिकवणं हे गेमचं काम नाही. शब्दांचा क्रमही मोकळा. 'किल्लीने पेटी उघड' आणि 'पेटी किल्लीने उघड' दोन्ही बरोबर.

माझा माजघराचा गेम मी आईला खेळायला दिला. कोनाड्यात दिवा, खाली तेलाचा बुधला. मी 'तेल घाल' आणि 'दिव्यात तेल घाल' असं सगळं शिकवून ठेवलं होतं. आईने चष्मा लावून एका बोटाने लिहिलं: 'बुधल्यातलं थोडं तेल दिव्यात ओत, वात भिजेल एवढंच.' गेम म्हणाला, 'असं काही इथे दिसत नाही.' आई माझ्याकडे बघून म्हणाली, "अगं, तूच म्हणतेस बुधला आहे, आणि तूच म्हणतेस दिसत नाही?" मी वहीत 'ओत', 'बुधल्यातलं', 'थोडं' अशी नोंद केली. 'वात भिजेल एवढंच' याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

माझं मत विचाराल तर पहिला मराठी गेम पार्सरचा करू नका. ख्रिस क्लिमासचं ट्वाइन (२००९ पासून) किंवा इंकलने २०१६ मध्ये खुली केलेली इंक भाषा घ्या. तिथे खेळाडू लिहीत नाही, पर्याय निवडतो. देवनागरी आरामात चालते, आणि एका शनिवार-रविवारात काहीतरी दाखवण्याजोगं होतं. पार्सरच हवा असेल तर ग्लल्क्स धरा. त्यात युनिकोड, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांची अक्षरं, चालतं. झेड-मशीनमध्ये आपल्या अक्षरांना जेमतेम उभं राहण्यापुरती जागा आहे.

मग नोकरी सोडू का?

नको.

कॉम्प्युटर बदलले की हे गेम मरतात ना?

माझ्या कॉलेजचा प्रोजेक्ट मी सीडीवर जपून ठेवला होता. आता लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही, आणि जागा असलेल्या एका लॅपटॉपने ती वाचायला नकार दिला. टेक्स्ट गेमचं उलट झालं. गेम काल्पनिक यंत्रासाठी लिहिलेला असल्यामुळे दर नव्या कॉम्प्युटरवर फक्त ते यंत्र नव्याने लिहावं लागतं; गेमच्या फाइलला कुणी हात लावत नाही. फाइल सापडायला हवी, एवढीच अट. त्यासाठी १९९२ पासून इंटरॲक्टिव्ह फिक्शन आर्काइव्ह आहे, आता स्पर्धा चालवणाऱ्या त्या फाउंडेशनच्याच छत्राखाली, आणि त्याची देखभाल करणाऱ्यांत प्लॉटकिन आहेच.

काल रात्री कात्रजच्या बसमध्ये मी फोनच्या ब्राउझरवर 'अ चेंज इन द वेदर' उघडला. १९९५ चा गेम, एका झटक्यात चालू झाला. टेकडीवर भटकले, आभाळ भरून आलं, पाऊस ठरल्या वेळी सुरू झाला, ओढा फुगला. माझा स्टॉप आला तोवर पूल वाहून गेला होता. याही वेळी.